डोंगराला मैदानाचा गज

परतवाड्याची बाजारपेठ ओलांडली की उत्तरेस गाविलगडाची रांग तटासारखी उभी राहते. तिच्या पलीकडे चिखलदरा व धारणी हे दोन तालुके, म्हणजे मेळघाट. अमरावतीहून चिखलदरा अवघे ८० किलोमीटरांच्या आसपास. आमच्या शहरांतील मंडळी सकाळी निघून, थंड हवा खाऊन, सायंकाळी घरी परततात. त्यामुळे मेळघाट आपल्या हाताशीच आहे, असा समज रूढ झाला आहे. हा समज आमच्या मते अत्यंत घातक होय.

चिखलदऱ्यास सडक पोचली म्हणजे मेळघाटास पोचली असे नव्हे. सिपना, गडगा, खापरा, खंडू व डोलार या नद्यांनी हा मुलूख खोल चिरला आहे. कोरकू बांधवांची गावे त्या चिरांमधून विखुरलेली आहेत. पावसाळ्यात ओढ्यांना पूर आला की हिवाळ्यातील तासाभराची वाट दिवसाची होते. आणि अडलेल्या बाळंतिणीस दिवसाची सवड नसते. पाऊस वऱ्हाडच्या सपाटीहून पुष्कळ अधिक, पण उताराचा खडक तो धरून ठेवीत नाही. म्हणून उन्हाळ्यात तेथेच टँकरची वाट पाहावी लागते. जमीन हलकी, पीक बहुधा एकच. ते निघाले की माणसे मजुरीसाठी सपाटीवर उतरतात आणि होळीस घरी परततात.

१९९३ साली मेळघाटातील कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी साऱ्या देशाचे लक्ष वेधले. त्याचा दोष केवळ डोंगरास देणे म्हणजे आपली जबाबदारी टाळणे होय. मैदानात ३०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगरी व आदिवासी भागात २०,००० मागे एक, असा सरकारी दंडक आहे. सवलत दिली खरी. पण गज तोच, डोकी मोजण्याचा! डोंगरात मोजावयाची ती भर पावसातील वाट.

कोणी म्हणतील, मग ही गावे खालीच का आणू नयेत? १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला व पुढे काही गावे उठवून अकोट तालुक्यात वसविली गेली. परंतु जमीन व सोयींविषयीची गाऱ्हाणी घेऊन २०१९ च्या जानेवारीत त्यांतील कित्येक कुटुंबे जंगलात परतली व तेथे संघर्ष झाला. केवळ जागा बदलल्याने प्रश्न सुटत नाही, हा त्याचा बोध.

उलट पायथ्याच्या पायविहीर गावाकडे पाहावे. वनहक्क कायद्याने २०१२ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळताच ग्रामस्थांनी उजाड रान जोपासले व आपली सीताफळे थेट मुंबईच्या बाजारी नेली. डोंगर तोच, हक्क मात्र बदलला.

आमच्या व्यापारी वाचकांस हा प्रश्न परका वाटत असल्यास त्यांनी आपल्या घरचा नळ पाहावा. अकोट व तेल्हाऱ्यास वान धरणाचे पाणी मिळते, दर्यापूर व अंजनगावास शहानूरचे. या दोन्ही नद्या त्याच डोंगरातून येतात. ज्याचे पाणी आपण पितो, त्याच्या ओढ्यांवर बारमाही पूल, पावसाळ्यापूर्वी गावोगावी औषध व धान्याचा साठा, आणि रानाच्या उत्पन्नावर रानातल्यांचा हक्क, एवढे मागणे हे उपकार नव्हेत. ते आपल्यावरील देणे आहे; आणि देणे वेळेवर फेडावे, हे बाजारपेठेस आम्ही सांगावयास नको.