आधी हिशेब दाखवा!

गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीतील एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांचे यजमान रिक्षा चालवीत. वर्षापूर्वी ते वारले. एका वित्तसंस्थेचा वसुलीचा माणूस आता दर आठवड्याला दाराशी येऊन ६८,००० रुपये मागत होता. मूळ रक्कम किती, भरलेले हप्ते कोठे जमा झाले, यांतले काहीही त्याने सांगितले नव्हते. तो मोठ्या आवाजात बोले. त्या लाजेपोटी बाईंनी दोनदा उसनवारी करून पैसे दिले, पावतीही घेतली नाही. ‘‘सर, हिशेब मागितला तर बुडवे म्हणतील ना आम्हाला?’’ असे त्यांनी विचारले.

अर्थशास्त्राच्या अध्यापनात आयुष्य घालविलेल्या मला या प्रश्नाने अस्वस्थ केले. धनकोने मागावे आणि ऋणकोने मान खाली घालून द्यावे, ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. वस्तुतः कर्ज हा करार आहे, आणि जो मागतो त्यानेच आपली मागणी सिद्ध करावयाची असते.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगावयास नको. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा रोख होता तो खतांवर व वह्यांवर. कागद हाती आले की ते जाळले जात, आणि मग बहुतेक ठिकाणी जमाव पुढे काही करीत नसे. या कागदांवर एवढा राग का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली, ती ऋणकोच्या संरक्षणासाठी. परंतु सावकाराने तीच उलटी फिरविली. दर तीन वर्षांनी तो कुळाकडून नवे खत करून घेई, थकलेले व्याज मुद्दल म्हणून लिही, आणि निरक्षर कुळ त्यावर अंगठा उठवी. न्यायालय खतावरील आकडा पाही. तो कसा फुगला हे विचारीत नसे.

या उठावानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने न्यायालयाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासून इतिहास तपासण्यास सांगितले, आणि पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. १९४६ चा मुंबई सावकार कायदा आणि त्याची जागा घेणारा २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा यांनीही हिशेब देण्याचे बंधन सावकारावर घातले. शिवाय, हिशेब मिळाल्यावर ऋणको गप्प राहिला एवढ्यावरून त्याने तो मान्य केला असे ठरत नाही, हेही या कायद्यांनी स्पष्ट केले.

परंतु आजचा मोठा धनको बँक वा वित्तसंस्था आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. राहिले ते रिझर्व्ह बँकेचे निर्देश. वसुली प्रतिनिधीने ओळखपत्र व बँकेचे अधिकारपत्र जवळ बाळगावे, आणि ऋणकोने तक्रार केली असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत प्रकरण वसुलीवाल्यांकडे सोपवू नये, असे तिने २००८ साली बँकांना बजावले. सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नयेत, असे २०२२ साली सांगितले. निर्देश चांगले आहेत. पण वस्तीतल्या किती घरांना ते ठाऊक आहेत?

अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातही १९७७ साली याविषयी कायदा झाला. ऋणकोने तीस दिवसांत लेखी हरकत घेतली, तर कर्जाचा पडताळा देईपर्यंत वसुली करणाऱ्या एजन्सीला वसुली थांबवावी लागते. असा सुस्पष्ट हक्क संसदेच्या कायद्याने आपल्याकडेही मिळावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

परंतु कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. दर आठवड्याला एक संध्याकाळ प्रत्येक शाखेने या कामाला द्यावी. ऋणकोच्या वतीने एक साधे पत्र लिहावे: वसुलीचे अधिकारपत्र दाखवा, मूळ कराराची प्रत द्या, मुद्दल, व्याज, दंड व जमा हप्ते यांचा वेगवेगळा तपशील द्या, कर्ज दुसऱ्या संस्थेला विकले असल्यास त्याचा कागद द्या. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी. पावतीवाचून रोख देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, दाराशी आणलेल्या कोणत्याही नव्या कागदावर सही करू नये. साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षे असते; ती उलटून गेल्यावरही ‘पैसे देईन’ अशा लेखी, सही केलेल्या वचनाने देणे पुन्हा अंगावर येते. सुप्याच्या कुळांकडून करून घेतलेले नवे खत ते हेच!

यावर कोणी म्हणेल, हे तर कर्जबुडवेगिरीला उत्तेजन झाले. त्या बाईंचे काय झाले ते सांगतो. पत्र गेल्यानंतर हिशेब आला. त्यात मुद्दल होते २१,००० रुपये. बाकी दंड आणि वसुलीखर्च. बाईंनी दोनदा दिलेले पैसे जमाच नव्हते! वारसाचे दायित्व मृताच्या मालमत्तेपुरतेच असते, हेही त्यांना प्रथमच कळले. रिक्षा त्यांच्याकडे आली होती, म्हणून खरे देणे त्यांनी नाकारले नाही. दंड व वसुलीखर्चावर लेखी हरकत घेतली आणि मुद्दलाचे हप्ते बांधून घेतले. दिलेले पैसे मात्र पावतीअभावी बुडाले ते बुडालेच.

हिशेब मागणारा बुडवा नसतो. हिशेब द्यावयास जो कचरतो, संशय घ्यावयाचा तर त्याचा घ्यावा. सुप्याच्या शेतकऱ्याला कागद जाळावे लागले, कारण ते वाचण्याचे साधन त्याच्या हाती नव्हते. आज ते आहे. तो कागद मागण्याचे धैर्य वस्तीवस्तीत पोचविणे हे काम आपले आहे.