पंपावर आलात, आता गाडीवरून उतरा

बीडच्या कुठल्याही पंपावर सकाळी दहाच्या सुमारास जरा उभं राहून पाहा. जालना रोड असो, बार्शी रोड असो, नाहीतर तिकडं मांजरसुंबा. दुचाकी पाय टेकत टेकत रांगेतून पुढं सरकते आणि मशीनपाशी थांबते. चालवणारा बसल्या जागीच किल्ली काढतो, टाकीचं झाकण उघडतो आणि म्हणतो, "शंभरचं टाक." मागं बायको, तिच्या मांडीवर धाकटं लेकरू. थोरलं पुढं टाकीवर बसलेलं, त्याला पोटाशी ओढून नोझलला जागा करून द्यायची. पेट्रोल पडलं की झाकण दाबायचं आणि तिथंच किक मारायची. दोन मिनिटांत सगळं उरकतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मला तुमच्याकडं एवढंच मागायचं आहे: पेट्रोल भरताना गाडीवरून खाली उतरा. चालवणाऱ्यानं उतरा, मागच्यानं उतरा, लेकरांना तर आधी उतरवा.

पंपावर माणसांना शिस्त लावण्याचे प्रयोग आपल्या राज्यात कमी झालेले नाहीत. 2016 मध्ये तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असं जाहीर केलं, गदारोळ झाला आणि तो निर्णय मागं पडला. नाशिकच्या पोलिसांनी 15 ऑगस्ट 2021 पासून तीच मोहीम पुन्हा काढली. त्याच वर्षी नोव्हेंबरात शेजारच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, लस घेतली नसेल तर पेट्रोल नाही असा आदेश निघाला. हेल्मेट आणि लस दोन्ही चांगलीच, पण त्यांच्यासाठी पंप ही नाकाबंदीची जागा झाली. पेट्रोल भरतानाचा धोका मात्र फारसा कुणाच्या बोलण्यात आला नाही.

तो धोका समजून घ्यायला थोडं विज्ञान लागतं, फार नाही. पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते त्याची वाफ. आणि ही वाफ तयार व्हायला उन्हाळा लागत नाही. शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ पेट्रोलवर असते, मग आपल्याकडच्या चाळीस-बेचाळीस अंशांत काय होत असेल ते बघा. हवेत या वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की एक ठिणगी पुरते. रिकाम्या टाकीत ही वाफ भरलेलीच असते. तुम्ही पाच लिटर पेट्रोल ओतलंत की तेवढीच, पाच लिटर, वाफाळ हवा टाकीच्या तोंडातून बाहेर ढकलली जाते.

मोटारीत हे तोंड मागं, एका बाजूला असतं आणि माणसं आत बसलेली असतात. मोटारसायकलवर ते तुमच्या दोन मांड्यांच्या मधोमध असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, त्यामुळं ती वर उडून जात नाही. टाकीवरून खाली घरंगळते, आणि टाकीच्या खाली असतं तुमचं तापलेलं इंजिन, स्पार्क प्लगची कधीकाळी ढिली झालेली टोपी आणि सिलेन्सरचा तो भाग ज्याच्यावर पोटरी भाजून घेतलेली माणसं गावोगाव सापडतील. गेवराईहून वीस मैल उन्हात आलेल्या गाडीचं इंजिन किल्ली काढल्याबरोबर थंड होत नाही. अशा वेळी भडका उडालाच, तर खाली उभा असलेला माणूस दोन पावलं मागं होतो. बसलेल्याला आधी पाय टाकून उतरावं लागतं, त्याआधी मागच्याला उतरावं लागतं, आणि पेटलेली गाडी तोवर त्याच्याच पायावर कलते. मागं बसलेल्या बाईच्या साडीचा पदर, हातातली पिशवी, कडेवरचं लेकरू, हे सगळं त्या दोन-तीन सेकंदांत सावरायचं असतं. ते जमत नाही.

लोक उतरत का नाहीत, याची कारणंही मला ठाऊक आहेत. मागचा हॉर्न वाजवतो. सामान बांधलेलं असतं. दसऱ्याला सावरगाव घाट आणि नारायणगडाच्या मेळाव्यांच्या वाटेवरच्या पंपांवर दुचाकींची झुंबड उडते, तिथं उतरलं तर नंबर जाईल असं वाटतं. कारखाने सुरू व्हायच्या तोंडावर ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं असतात. ट्रॅक्टरमागं मोटारसायकलवर निघालेल्या जोडप्याच्या गाडीला भांडी, गोधड्या आणि कोयते लटकवलेले असतात. त्यांना उतरा म्हणणं सोपं आहे, उतरणं सोपं नाही, हे कबूल. पण स्कूटीवाल्या मुलींकडं बघा. बऱ्याच स्कूटरची टाकी सीटखाली असते, त्यामुळं त्या रोज उतरतात, सीट उघडतात, भरून घेतात, बसतात आणि जातात. त्यांच्यामुळं कुठली रांग अडलेली दिसत नाही.

शिवाय तुमच्या फायद्याची एक गोष्ट. पंपावर आपल्याला सगळ्यात मोठी भीती कसली असते? माप कमी पडण्याची. म्हणून माणूस गाडीवर बसून मान वाकडी करकरून मशीनचा आकडा बघतो, तेवढ्यात टाकीकडं लक्ष जातं, तेवढ्यात पंपवाला पोरगा सुटे पैसे विचारतो आणि शून्य बघायचं राहूनच जातं. खाली उतरून, हँडल धरून, मशीनकडं तोंड करून उभे राहा. शून्यही दिसेल आणि धारही दिसेल. तरी शंका असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं, ते मागा. तो तुमचा हक्क आहे.

टाकी किती भरायची, यावर दर उन्हाळ्यात मोबाइलवर एक निरोप फिरतो: टाकी फुल करू नका, उन्हानं स्फोट होईल, इंडियन ऑइलचा इशारा आहे. असा इशारा त्या कंपनीनं दिलेला नाही. उलट गाडी बनवणाऱ्यानं ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी उन्हाळ्यातही भरता येते, असा खुलासा तिनं वेळोवेळी केला आहे. पण ती मर्यादा टाकीच्या गळ्याच्या खाली असते, झाकणापर्यंत नसते, हे आपण सोयीनं विसरतो. "अजून बसतंय, बसतंय" म्हणत गाडी हलवून हलवून, हवा काढून, काठोकाठ भरून घेणारे बहाद्दर प्रत्येक पंपावर भेटतात. दहा लिटर पेट्रोल पंधरा अंशांनी तापलं तर जवळपास दीडशे मिलीलिटर फुगतं. स्प्लेंडरची टाकीच 9.8 लिटरची. मग ते वाढलेलं पेट्रोल झाकणाच्या कडेनं इंजिनवर गळतं. उन्हात उभी केलेली गाडी पेट्रोलचा वास मारते ती त्यामुळंच.

पेट्रोल सांडलं तर गाडी सुरू करू नका. ढकलत दहा-पंधरा पावलं पुढं न्या, कोरड्या फडक्यानं पुसा, वास जाईपर्यंत थांबा. पँटवर सांडलं असेल तर बिडी-सिगारेटच्या आसपासही जाऊ नका, कपडे बदला. (या बाबतीत तंबाखू मळणारे सुरक्षित आहेत, पण म्हणून मळायला लागू नका.) पॉलिस्टरचं कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं, सुती कपड्याचं तसं होत नाही.

आता मोबाइल. पंपावर त्याला मनाईचा बोर्ड असतो आणि त्याच बोर्डाखाली पैसे भरायचा स्कॅनर चिकटवलेला असतो. लोक हसतात, हसणारच. खरं सांगायचं तर अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेनं पंपांवरच्या दीडशेहून जास्त आगींच्या नोंदी गोळा केल्या, त्यात मोबाइलनं लागलेली आग सापडली नाही. कारण निघालं ते अंगावर साठलेली स्थिर वीज. कोरड्या हवेत रेक्झिनच्या सीटवर घासत उतरलं किंवा स्वेटर काढला की कधीकधी चटका बसतो, तीच ही वीज. पेट्रोलची वाफ पेटवायला तेवढी ठिणगी पुरते. म्हणून झाकण उघडण्याआधी उतरा, गाडीच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावा, मग झाकण उघडा. मोबाइलची मनाई तरीही पाळा, कारण एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात गाडी धरणाऱ्याचं लक्ष दोन्हीकडं नसतं. भरून झाल्यावर गाडी पुढं घ्या आणि मशीनपासून लांब जाऊन स्कॅन करा. पंपमालकांनीही तो स्कॅनर मशीनवरून काढून खांबावर लावावा.

बाटलीचा विषय टाळून चालणार नाही, कारण आपला जिल्हा बाटलीवर चालतो. फवारणीच्या पंपाला पेट्रोल लागतं, गवत कापायच्या मशीनला लागतं, आणि पंप दहा-पंधरा किलोमीटरवर असतो. मग पाण्याची प्लास्टिकची बाटली भरून आणायची आणि उरलेलं फळीवर ठेवायचं. 1 आणि 2 जानेवारी 2024 ला टँकरचालकांनी हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्ध संप केला. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात, तेव्हा राज्यभर पंपांवर रांगा लागल्या आणि लोक हातात सापडेल ते भांडं घेऊन उभे होते. 1934 चा पेट्रोलियम कायदा यावर स्पष्ट आहे. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय जास्तीत जास्त 30 लिटर ठेवता येतं, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात. भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर 25 लिटरपर्यंत. प्लास्टिकच्या बाटलीला त्यात जागाच नाही. टपरीवर बाटल्या मांडून पेट्रोल विकणं तर सरळ बेकायदा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये बीड आणि माजलगावात जी जाळपोळ झाली, तिच्यानंतर हातात पेट्रोलची बाटली घेऊन फिरणाऱ्याकडं कुणी कसं बघेल, हे वेगळं सांगायला नको.

शेतीला लागत असेल तर धातूचा कॅन घ्या. भरताना तो जमिनीवर ठेवा, गाडीला लटकवलेला असताना भरू नका. घरी आणल्यावर चुलीपासून, देवघरापासून आणि लेकरांपासून लांब ठेवा. पाण्याची बाटली समजून पोरानं पेट्रोल प्यायलं, तर त्याला उलटी करायला लावू नका. उलटीबरोबर पेट्रोल फुप्फुसात जातं आणि खरा घात तिथं होतो. थेट दवाखाना गाठा. हाच धोका नळी लावून तोंडानं पेट्रोल ओढणाऱ्या मोठ्यांनाही आहे.

जुन्या गाडीवाल्यांनी पेट्रोलचा पाइप आणि कॉक एकदा मेकॅनिकला दाखवावा. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आपल्याच माणसांनी तोडलेल्या उसापासूनही ते तयार होतं. काही जुन्या वाहनांचे रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, असं केंद्र सरकारनंच ऑगस्ट 2025 मध्ये म्हटलं होतं. तडकलेल्या पाइपची किंमत चहा-नाश्त्याएवढी असते. झाकणाचं लॉक मोडलंय म्हणून तोंडाला फडकं कोंबलेल्या गाड्याही मी पाहतो. ते फडकं म्हणजे टाकीला लावलेली वात आहे.

आणि समजा भडका उडालाच. टाकीत असलेली नोझल ओढून बाहेर काढू नका, पंपवाल्यालाही काढू देऊ नका. बाहेर काढलेल्या नोझलमधून पेट्रोल उडतं आणि आग पसरते. नोझलचा खटका सोडायचा आणि लांब व्हायचं, गाडीची हळहळ नंतर करायची. मशीन बंद करायचं बटण, वाळूच्या बादल्या आणि पावडरचा सिलिंडर हे पंपावरच्या माणसांचं काम आहे. पाणी ओतू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि जळत जळत वाहतं. कुणाचे कपडे पेटले तर त्याला पळू देऊ नका, जमिनीवर लोळवा, जाड कापडानं झाका. आग विझल्यावर भाजल्या जागी वीस मिनिटं साधं पाणी धरा. हळद, टूथपेस्ट, शाई यातलं काही लावू नका. रुग्णवाहिकेला 108, इतर मदतीला 112. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, जे जवळ असेल तिथं न्या.

पंपमालकांना शेवटची विनंती. 'पेसो'च्या, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेच्या, परवान्यावर तुमचा पंप चालतो आणि गिऱ्हाईकाला इंजिन बंद करायला सांगणं तुम्ही इतकी वर्षं करतच आहात. त्यात एका शब्दाची भर घाला. तुमची पोरं ऊन, वास आणि शिव्या खात दिवसभर उभी असतात. "दादा, उतरा" म्हटल्यावर एखादा आमदाराचं नाव सांगणारा त्यांच्यावर धावून गेला, तर त्यांच्या मागं उभे राहा. मशीनवर ठळक अक्षरांत लिहा आणि आजपासून पाळा: दुचाकीवरचे सगळे उतरल्याशिवाय नोझल उचलली जाणार नाही.