वाघांचा आकडा म्हणजे व्यवस्थापन नव्हे

महाराष्ट्रात २०१८ साली ३१२ वाघ होते, २०२२ साली ते ४४४ झाले. आकडा जाहीर झाला आणि आपल्या अभयारण्यांचा कारभार उत्तम चालला आहे, असा निष्कर्ष सगळ्यांनी काढून टाकला. जंगल नीट राखलं की नाही याला प्राण्यांच्या संख्येहून चांगला पुरावा कोणता, असं अनेक जाणकारही विचारतात. मग व्यवस्थापनाचं मूल्यमापन करायला समित्या, प्रश्नावल्या, गुणपत्रकं हा कागदी खटाटोप हवा कशाला? हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत आपण मोजलेली आहे.

राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पाच्या दप्तरात २००४ सालापर्यंत वाघ होते. जंगलात ते नव्हते. २००५ मध्ये तिथे एकही वाघ उरलेला नाही हे उघड झालं. २००९ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाचीही तीच गत झाली. शिकारी फासे लावत असताना पहारा कुठे होता, कोणत्या चौक्या ओस पडल्या होत्या, आसपासची गावं खात्यावर का चिडली होती, हे प्रश्न आकड्याच्या आड दबून गेले होते.

यावर उत्तर मिळतं की तेव्हा पावलांच्या ठशांवरून मोजणी होत असे, आता कॅमेरा ट्रॅप आहेत. मान्य. मोजणी आता कितीतरी विश्वासार्ह झाली आहे. पण वाघ किती हे कळलं म्हणून ते कशामुळे आहेत हे कळत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातला ब्रह्मपुरी वनविभाग हे अभयारण्य नाही, तरी तिथे वाघांची दाटी आहे. तिथे मोहफुलं आणि तेंदूपानं गोळा करायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात. हे यश मानायचं का? उलट सह्याद्री व्याघ्रप्रकल्प २०१० मध्ये घोषित झाला, तिथे वाघ अगदी मोजके. चांदोली-कोयनेच्या पावसात जळवा झटकत गस्त घालणाऱ्या वनरक्षकाचं काम तेवढ्यावरून शून्य ठरवणं हा उघड अन्याय आहे.

व्यवस्थापन म्हणजे काम, आणि ते कामाच्याच जागी तपासावं लागतं. किती बीट वनरक्षकांविना रिकामी आहेत? हंगामी वनमजुरांचा पगार वेळेवर होतो का? उन्हाळ्याआधी जाळरेषा काढल्या का? गुरं मेली तर भरपाई किती दिवसांनी हातात पडते? आपल्याकडे २००६ पासून व्याघ्रप्रकल्पांचं असं मूल्यमापन होतं. परिस्थिती, नियोजन, साधनं, कार्यपद्धती, झालेलं काम आणि त्याचं फलित, अशा सहा अंगांनी गुण दिले जातात. २०२२ च्या फेरीत ५१ प्रकल्प तपासले गेले आणि केरळातलं पेरियार ९४.३८ टक्के मिळवून पहिलं आलं. सर्वाधिक, म्हणजे २६० वाघ कॉर्बेटमध्ये. पेरियारमध्ये त्याच्या पाव हिश्शाइतकेही नाहीत. पण पेरियारने एकेकाळी दालचिनीच्या रानटी जातीची साल चोरून नेणाऱ्यांनाच वाटाडे आणि राखणदार केलं. त्यांची रोजीरोटी जंगलाच्या राखणीशी बांधली. हे मोठं काम आहे, आणि ते कुठल्याच व्याघ्रगणनेत दिसत नाही.

आणि वाघच नसलेल्या ठिकाणांचं काय? सोलापूर-नगरच्या माळावर १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. त्यातली बहुतेक जमीन खासगी शेतीची. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, शेतकरी वैतागले आणि पक्षी शत्रू ठरला. दरम्यान गवताळ रान ऊस आणि विजेच्या तारांखाली गेलं. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर माळढोक जवळजवळ नाहीसा झाला होता. वर्षाला बहुधा एकच अंडं घालणारा हा पक्षी. मोजणीत तो कमी दिसू लागला तेव्हाच उशीर झालेला होता. आखणी मुळात चुकली आहे हे पहिल्याच दशकात कोणी बाहेरून येऊन तपासलं असतं, तर निदान शेतकऱ्यांशी बोलणं लवकर सुरू झालं असतं.

सध्याचं मूल्यमापन निर्दोष आहे असा माझा दावा नाही. तपासनीसांत निवृत्त वनाधिकाऱ्यांचा भरणा असतो. ते आपल्याच खात्याला गुण देतात हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय मूल्यमापन मोडीत काढणं हा नाही. समितीत त्याच जंगलाच्या कडेला राहणारी दोन माणसं घ्या, मेळघाटात एखादी कोरकू बाई घ्या. अहवाल मराठीत छापा आणि प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातल्या प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवा. मागच्या फेरीत दाखवलेल्या उणिवांपैकी किती दूर झाल्या, हे पुढच्या फेरीत पहिल्या पानावर असू द्या, आणि वनरक्षकांच्या रिकाम्या जागा भरल्याशिवाय कोणत्याही प्रकल्पाला वरची श्रेणी देऊ नका.