धिंगरी घरात, फॉर्मॅलिन बाहेर

१०० लिटर पाणी, त्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिलिलिटर फॉर्मॅलिन. या द्रावणात भाताचा पेंढा १६ ते १८ तास बुडवून ठेवायचा आणि निथळून घ्यायचा. धिंगरी अळिंबीच्या, म्हणजे बाजारात ऑयस्टर मशरूम या नावाने मिळणाऱ्या शिंपल्याच्या आकाराच्या अळिंबीच्या लागवडीची ही कृती माहितीपत्रकांतून वर्षानुवर्षे छापली जाते. ती लिहिली गेली शेडमध्ये व्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्यासाठी. आता ‘बाल्कनीत पिकवा मशरूम’ म्हणत शहरी हौशी माणसांपुढेही तीच कृती ठेवली जाते आणि फॉर्मॅलिनची बाटली न्हाणीघरात मुलांच्या टबाशेजारी येऊन बसते. घरगुती लागवडीच्या माहितीतून ही कृती काढून टाकायला हवी.

धिंगरी घरी पिकवण्याला विरोध करण्याचे काहीच कारण नाही. उलट, हौशी माणसाला इतकी साथ देणारे पीक क्वचितच सापडेल. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत (सीएफटीआरआय) १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बानो आणि श्रीवास्तव यांनी भाताच्या पेंढ्यावर ती वाढवून दाखवली. बटण मशरूमला लागते तसे कंपोस्ट, आच्छादनाची माती, थंड खोली यांतले काहीही तिला लागत नाही. पेंढा, गव्हाचे काड, सोयाबीनचे कुटार, जे मिळेल त्यातले सेल्युलोज आणि लिग्निन ती पचवते. नायट्रोजन कमी पडला तर मातीतल्या सूक्ष्म सूत्रकृमींना लुळे करून तेही खाते. शाकाहारी पंगतीत हे सांगू नये एवढेच!

मग रसायने कशासाठी? काडावर आधीपासून हिरव्या बुरशीचे बीजाणू बसलेले असतात. त्यांचा बंदोबस्त केला नाही तर धिंगरीच्या आधी तेच पिशवी व्यापतात. गरम पाण्याने हे काम होते, पण पन्नास-शंभर पिशव्यांचे काड तापवायचे तर सरपण किंवा गॅस परवडत नाही. म्हणून स्वस्त आणि सोपी रासायनिक पद्धत आली. कार्बेन्डाझिम हिरव्या बुरशीला रोखते, धिंगरीला त्याचे फारसे काही वाटत नाही. शेतकऱ्याच्या हिशेबात ही तडजोड समजण्यासारखी आहे. दोन पिशव्या भरणाऱ्या घराला मात्र हा हिशेब लागूच होत नाही.

फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचे पाण्यातले सुमारे ३७ ते ४० टक्के द्रावण. शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत मृतदेह टिकवण्यासाठी वापरतात तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. शेतावरच्या उघड्या शेडमध्ये त्याची वाफ वाऱ्याने जाते. बंद न्हाणीघरात ती डोळ्यांत आणि श्वासात जाते. कार्बेन्डाझिमला युरोपीय संघात पीक संरक्षणासाठी मान्यता उरलेली नाही. ‘पीक येईपर्यंत अंश राहत नाही’ असे आश्वासन प्रशिक्षणात मिळते. कदाचित नसेलही राहत, पण स्वयंपाकघरात तो मोजायची सोय नाही. साडेसात ग्रॅम तोलणारा काटाही बहुतेकांकडे नसतो. मग चमच्याने अंदाज घेतला जातो आणि अंदाज नेहमी जास्तीच्या बाजूला झुकतो.

घरासाठी गरम पाण्याची पद्धत पुरेशी आहे. यंदाचे, पावसात न भिजलेले काड घ्यावे. निम्मे अपयश जुन्या, काळवंडलेल्या काडामुळेच येते. त्याचे दीड-दोन इंचांचे तुकडे करून रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे. अर्धा किलो सुके काड घरातल्या मोठ्या पातेल्यात मावते. पाणी ८० अंशांवर, म्हणजे तळाशी बारीक बुडबुडे येतात पण खळखळून उकळी फुटत नाही अशा बेताने, तासभर ठेवावे आणि काड वर तरंगू नये म्हणून जड झाकण ठेवावे. या तापमानाला बहुतेक त्रासदायक बुरशी मरतात. उष्णता सोसणारे काही जिवाणू टिकतात आणि ते नव्या बुरशीला सहजी शिरकाव करू देत नाहीत. काड निथळून पूर्ण गार होऊ द्यावे. मूठभर घट्ट दाबले तर थेंब टपकू नये, तळवा मात्र ओलसर व्हावा. हे जमले की बाकीचे सोपे आहे: ओल्या काडाच्या वजनाच्या सुमारे २ टक्के स्पॉन थराथराने घालायचे, पिशवीला भोके पाडायची आणि ती पंधरा-अठरा दिवस अंधारात ठेवायची. आत पांढरे तंतू पसरले की प्लॅस्टिक काढायचे, उजेड आणि वारा द्यायचा, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारायचा. सगळे नीट झाले तर दोन-तीन बहरांत मिळून ३०० ते ५०० ग्रॅम ताजी अळिंबी हाती येते. एखादी पिशवी हिरवी पडेल. ती तशीच बांधून फेकून द्यावी.

रसायने टाळली तरी एक धोका उरतो आणि त्याबद्दल माहितीपत्रके फारसे बोलत नाहीत. पूर्ण उमललेली धिंगरी हवेत अगणित बीजाणू सोडते. सतत त्या हवेत राहणाऱ्यांना फुप्फुसांचा ॲलर्जीजन्य दाह होऊ शकतो. अळिंबी कामगारांमध्ये तो वैद्यकाला चांगला परिचित आहे. ताप, कोरडा खोकला, धाप ही लक्षणे संपर्कानंतर काही तासांनी दिसतात आणि पावसाळ्यात सहज ‘व्हायरल’ म्हणून खपतात. दोन पिशव्यांनी शेडइतका धोका होत नाही हे खरे. तरीही पिशवी झोपायच्या खोलीत टांगू नये, घरात दम्याचा रुग्ण असेल तर हा छंद गच्चीवर न्यावा, आणि छत्रीची कड खाली वळलेली असतानाच तोडणी करावी. कड सपाट होऊन वर वळली म्हणजे बीजाणू उडू लागले असे समजावे.

पिशवीबरोबर जे दावे येतात तेही थोडे तपासून घ्यावेत. ताज्या अळिंबीत जवळपास ९० टक्के पाणी असते आणि १०० ग्रॅममध्ये साधारण ३ ग्रॅम प्रथिने. डाळीची जागा ती घेत नाही. बी-१२साठीही तिच्यावर विसंबू नये. एक दावा मात्र खरा आहे आणि फुकट मिळणारा आहे: तुकडे करून काही वेळ कडक उन्हात ठेवली तर तिच्यातल्या एर्गोस्टेरॉलपासून ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते.

हा बदल करायला नवे संशोधन लागत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पापासून जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रापर्यंत जिथे जिथे घरगुती लागवड शिकवली जाते, तिथल्या पत्रकात दोन वेगळ्या कृती छापल्या तरी पुरे. शेडवाल्याला त्याची कृती, हातमोजे आणि मुखपट्टीच्या सूचनेसह. घरवाल्याला फक्त गरम पाण्याची. तिच्यात आणखी एक सोय आहे: बहर संपल्यावर उरलेले काड निर्धास्तपणे तुळशीच्या कुंडीत घालता येते किंवा दारच्या गाईपुढे टाकता येते.