कथेचं डिझाईन डॉक्युमेंट

आधी डिझाईन, मग कोड ही ऑफिसातली सवय मी कथेतही घुसवली होती. एक्सेलमध्ये ४० ओळी: कोण, कुठे, काय बोलतो, शेवट काय. साकीनाक्याच्या गाळ्यात पॉवर प्रेस चालवणाऱ्या माणसाची कथा (बाबांचीच, नाव बदलून). शीट फक्कड झालं. कथा मात्र तिसऱ्या पानावर गचकली! पुढे काय होणार हे मलाच इतकं ठाऊक, की लिहायचं कशाला?

मग जयंत नारळीकर आठवले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने. (ज. वि. ना. उलटं वाचा!) अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नीच्या हस्ताक्षरात. पहिलं बक्षीस मिळालं. आता कृष्णविवरावर लिहायचं तर एक नियम आधीच पक्का: त्याच्या जवळ काळ मंदावतो. तो लेखकाला वाकवता येत नाही. पण त्या नियमात सापडलेली माणसं काय करतील, ते मोकळंच असतं.

माझं मत एवढंच, की प्लॅनिंग नियमापुरतं करावं, घटनांचं नको. "लिहिता लिहिता सुचतं" म्हणणाऱ्यांच्या कथा मध्येच भरकटतात, हेही पाहिलंय म्हणा.

असो. शीट उडवलं. एकच ओळ ठेवलीय: हा माणूस घरी खरा पगार कधीच सांगत नाही. काल रात्री त्याच्या बायकोने पाकीट उघडलं. ती उघडेल हे मला माहीत नव्हतं.