संगणकाची पदवी निवडताना मराठीचे काय काम?

बारावीचा निकाल लागला की सीमाभागातील घराघरांत एकच प्रश्न घोळू लागतो : मुलांनी संगणकातले नेमके काय शिकावे? बी. ई., बीसीए, बी. एस्सी. की कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी शाखा? याविषयी मराठीत काही सांगू लागलो की आम्हांस ठरावीक उत्तर मिळते : ‘संगणकाची भाषा इंग्रजी. तेथे मराठीचे काय काम?’ असे म्हणणारे परके नसतात. आपलेच शिक्षक, आपलेच आप्त असतात. म्हणूनच या उत्तराचा समाचार घेणे भाग आहे.

पाठ्यपुस्तके इंग्रजीत आहेत, नोकरीही इंग्रजीत करावी लागते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु पदवीची निवड इंग्रजीत होत नाही. ती होते बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घरांत, आईवडील आणि मूल समोरासमोर बसतात तेव्हा. शुल्क कोठून आणायचे, किती वर्षे, पुढे काय, हे सारे मराठीतच ठरते. त्या वेळी हाती असते मात्र गुळगुळीत कागदावरचे इंग्रजी माहितीपत्रक. जे नीट उमगत नाही त्यावर प्रश्न विचारता येत नाही. आणि ज्याला प्रश्न विचारता येत नाही, त्याच्या गळ्यात काहीही बांधता येते.

पदव्यांची नावेच मराठीत करून पाहावीत. बी. एस्सी.चे ‘कॉम्प्युटर सायन्स’ म्हणजे संगणकशास्त्र. तेथे गणित आणि सिद्धांत यांना महत्त्व. बीसीए म्हणजे संगणक उपयोजन. तीन वर्षांत आज्ञावली लिहिण्याचा सराव, आणि पुढे दोन वर्षांची एमसीए. बी. ई. म्हणजे अभियांत्रिकी; चार वर्षे, आणि प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवेच. शास्त्र, उपयोजन, अभियांत्रिकी : भेद शब्दांतच उघड आहे. इंग्रजी नावांतील ‘कॉम्प्युटर’ या एका शब्दाच्या झगमगाटात तो दिसेनासा होतो. मग वाणिज्य शाखेच्या मुलीला ‘तुझ्यासाठी संगणक नाही’ असे सांगितले जाते. वास्तविक अनेक महाविद्यालयांत बीसीएचे दार तिला उघडे असते. २०२४-२५ पासून बीसीए अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आली आहे. तेव्हा महाविद्यालयास परिषदेची मान्यता आहे काय, हे तिने अवश्य विचारावे.

‘एआय-एमएल’ ही अक्षरे सध्या सर्वांत महाग विकली जातात. तिचे मराठी करा : कृत्रिम बुद्धिमत्ता व यंत्र अध्ययन. लगेच घरातील आजीसुद्धा विचारील, यंत्र शिकते ते कशाच्या बळावर? उत्तर आहे संख्याशास्त्र, संभाव्यता आणि रैखिक बीजगणित. मग पुढचा प्रश्न महाविद्यालयास विचारावा : हे विषय किती सत्रे शिकवले जातात, आणि कोण शिकवतो? विदासंरचना, प्रचालन प्रणाली, संगणक जाळी हा पाया सामान्य संगणक शाखेइतकाच पक्का होतो काय? दोन्ही शाखांचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचावा. फरक चार-दोन विषयांचाच असेल, तर अधिकचे पैसे पाटीसाठी मोजायचे काय, हे घरानेच ठरवावे.

आता ‘मराठीचे काय काम’ म्हणणाऱ्यांनी व्यवस्थेकडेही पाहावे. जेईई मेन ही परीक्षा २०२१ पासून मराठीतही होते. परंतु मराठी प्रश्नपत्रिका ठेवली ती महाराष्ट्रातील केंद्रांपुरती. बेळगावच्या मुलाने त्यासाठी कोल्हापूर गाठावे. पणजी, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी मुलांपुढेही हीच अडचण. भाषा मुलाबरोबर जाते, प्रश्नपत्रिका मात्र राज्याच्या सीमेवर थांबते. कर्नाटकात कन्नड माध्यमातून शिकलेल्यांसाठी अभियांत्रिकीच्या काही जागा राखीव असतात. ते योग्यच आहे. त्यांचे काढून घ्या, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. त्याच गावात मराठी शाळेत शिकलेल्या मुलाची अडचण तीच आहे; त्यालाही तोच न्याय द्या, एवढेच आमचे मागणे आहे. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातील मराठीभाषक विद्यार्थ्यांसाठी ‘टाइप ई’ ही स्वतंत्र पात्रता आहे. पण अर्जाची मुदत टळल्यावर तिची चौकशी करणारे पालक आम्हांस भेटतात, तेव्हा मान खाली घालावी लागते.

मान खाली, कारण दोष आमचाही आहे. दुकानांच्या पाट्यांवर मराठी हवी म्हणून आम्ही मोर्चे काढले; ते काढायलाच हवे होते. परंतु पदव्यांची तुलना सांगणारे चार पानी मराठी पत्रक आम्ही गावोगाव पोहोचवले नाही. पाटीवर भाषा दिसते; ती जगते मात्र अशा निर्णयांत. जी भाषा मुलाच्या भवितव्याचा प्रश्न घरातल्या घरात सोडवू शकत नाही, तिला पुढची पिढी केवळ सणासुदीला वापरील.

म्हणून येत्या प्रवेशहंगामापूर्वी प्रत्येक मराठी शाळेने, वाचनालयाने आणि मंडळाने एक सायंकाळ यासाठी द्यावी. गावातील संगणक अभियंत्यांना बोलवावे, अभ्यासक्रम समोर ठेवावा आणि पालकांना मराठीत प्रश्न विचारू द्यावेत. मराठीचे काम येथून सुरू होते.