वायफाय अडलं? नवं बोअर घेण्याआधी फिल्टर पाहा

ठिबकच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही म्हणून कुणी लगेच नवं बोअर घेत नाही. आधी फिल्टर उघडतो, मग मेन, सबमेन, नळी आणि ड्रिपर पाहतो. पण घरात लॅपटॉपवर वायफाय तुटायला लागलं की हे शहाणपण आपण बांधावरच ठेवून येतो. कुणी कंपनीला शिव्या घालतो, कुणी जादा पैशाचा प्लॅन घेतो, तर कुणी थेट नवा लॅपटॉप आणतो. माझ्या मते निदान न करता केलेला खर्च म्हणजे कीड न ओळखता केलेली फवारणी. पैसा जातो आणि कीड तिथंच राहते.

हा विषय आता चैनीचा राहिलेला नाही. महाडीबीटीचा अर्ज, सातबारा, पीक विम्याची नोंद ही सगळी कामं इंटरनेटवर आहेत. कागद चढवताना मध्येच जोडणी तुटली आणि तो शेवटचा दिवस असला, तर हंगामाची संधी हातची जाते.

जोडणीचे दोन टप्पे ध्यानात घ्या. पहिला टप्पा बाहेरच्या लाइनपासून राउटरपर्यंत, म्हणजे घरातल्या त्या दिव्यांच्या डब्यापर्यंत. दुसरा राउटरपासून लॅपटॉपपर्यंत. मोठ्या प्लॅननं दुसऱ्या टप्प्यातला बिघाड जात नाही आणि नव्या लॅपटॉपनं पहिल्यातला जात नाही. म्हणून बिघाड कोणत्या टप्प्यात आहे ते आधी ठरवा.

नेट अडलं की मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करा आणि तो त्याच वायफायवर चालतो का पाहा. मोबाईलही अडला, तर राउटरचे दिवे बघा. फायबरची जोडणी असेल आणि एलओएसचा दिवा लाल झाला असेल, तर बाहेरून प्रकाश येत नाही. फायबर तुटली, वाकली किंवा निसटली असणार. तिथं राउटर दहादा बंद-चालू करून उपयोग नाही, तक्रारच करायला हवी.

मोबाईल चालतो आणि लॅपटॉप अडतो, तर लॅपटॉप राउटरशेजारी नेऊन बसा. तिथं नीट चालला, तर दोष अंतराचा नाहीतर भिंतींचा. पत्रा, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी आणि जाड दगडी भिंत या लहरी अडवतात. राउटर घराच्या मधोमध, उंचावर आणि मोकळा ठेवा. बऱ्याच राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन वायफाय दिसतात. ५ चं वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर दमतं. २.४ चं लांब जातं, पण त्यावर गर्दी जास्त. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालतात. लांबच्या खोलीत २.४ ला जोडून पाहा, जवळ बसला असाल तर ५ ला.

शेजारी बसूनही तुटलं, तर राउटरला केबल लावून पाहा. केबलवरही तुटत असेल तर दोष फक्त बिनतारी भागातला नाही. केबलवर नीट चाललं तर दोष बिनतारी भागात. तेव्हा लॅपटॉपमधलं ते वायफाय ‘फर्गेट’ करून पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाखाली, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी असते. तिथली खूण काढा. बॅटरीवर असताना जोडणी तुटण्याचं ते एक कारण असतं. एवढं करूनही जमलं नाही, तरच दुरुस्तीवाल्याकडे जा.

लाइट गेली की राउटर झोपतो, हेही विसरू नका. छोटा यूपीएस लावता येतो; मात्र राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट त्याच्याशी जुळतात का, ते पाहूनच घ्या.

आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना दोन शब्द. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेली जाते. ती दारात येऊनही राउटर दप्तराच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवला, तर लोकांचे हेलपाटे चुकणार कसे? कार्यालयातला संगणक जागचा हलत नाही, त्याला सरळ केबल जोडा. शिवाय एक वही ठेवा: तारीख, वेळ, दिव्याचा रंग, एकच यंत्र अडलं की सगळी, आणि तक्रारीचा क्रमांक. ‘नेट चालत नाही’ एवढीच तक्रार म्हणजे फोनवर ‘पीक पिवळं पडलंय’ सांगण्यासारखं. त्यावरून औषध कोण देणार? वहीत नोंद असली की समोरच्याला टोलवाटोलवी करता येत नाही.

ही सगळी तपासणी तासाभराची आहे आणि तिला पैसा लागत नाही. अर्जाची शेवटची तारीख तोंडावर येण्याआधी, एखाद्या मोकळ्या संध्याकाळी करून टाका.